माशी भिजवून बघावी

काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि त्यात गळावर बांधलेली एक माशी सोडा. हातात असताना ती काही खास दिसत नाही. चौदा नंबरचा बारीक गळ, त्यावर नारिंगी रेशमाचे वेढे आणि तोंडापाशी तित्तिराच्या तपकिरी, ठिपकेदार पिसाचे दहा-बारा केस. माझ्या आईनं पहिल्यांदा बघितली तेव्हा विचारलं होतं, "राखी उसवलीस का गं?" पण पाण्यात गेली की भडक नारिंगी विझतो, आतल्या काळ्या गळाची छाया वर येते आणि रेशीम एखाद्या किड्याच्या पातळ कातडीसारखं लालसर तपकिरी दिसायला लागतं. पिसाचे केस मागे झुकतात. पेला जरा हलवला की ते उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात.

ट्राउट मासा पकडण्यासाठी जी नकली माशी बांधतात तिचं सगळं शास्त्र या पेल्यात आहे. टेबलावर ती कशी दिसते याला फारसं महत्त्व नाही. कुठला धागा, कुठल्या पक्ष्याचं पीस, कुठल्या प्राण्याचा केस, हे सगळं ठरतं ते भिजल्यावर त्याचं काय होतं यावरून.

आता मुळापासून. ट्राउट हा थंड, वाहत्या, स्वच्छ पाण्यातला मासा आणि त्याचं बरंचसं खाणं म्हणजे पाण्यातले किडे. मग आपण गळाला गांडूळ लावतो तसा खराच किडा का लावत नाहीत? तो टिकत नाही म्हणून. क्लॉडियस एलियन या रोमन लेखकानं इसवी सन २०० च्या सुमारास मॅसिडोनियातल्या अ‍ॅस्ट्रेयस नदीवरची हकीकत लिहून ठेवली आहे. तिथले मासे पाण्यावर तरंगणाऱ्या एका माशीवर तुटून पडत, पण माणसाचा हात लागला की त्या माशीचा रंग जाई आणि पंख मिटून जात. तेव्हा तिथले लोक गळाला लाल लोकर गुंडाळत आणि कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं त्यावर बसवत. लोकर, पीस, गळ. अठराशे वर्षांत या यादीत भर पडली, पण यातलं काही वगळलं गेलं नाही.

ज्या किड्याची नक्कल करायची त्याचा स्वभावही थोडा समजून घेऊ. नकली माश्यांमधल्या कितीतरी 'मेफ्लाय' या कीटकांवरून बेतलेल्या आहेत. हा किडा आयुष्याचा बहुतेक काळ पाण्याखाली, दगडांच्या आडोशाला काढतो. मग एक दिवस पृष्ठभागाकडे निघतो, वर येऊन कात टाकतो आणि पंख वाळेपर्यंत होडीसारखा तरंगतो. उडून काठावर गेल्यावर पुन्हा एकदा कात टाकतो. पंख फुटल्यावर कात टाकणारा कीटकांचा आज हा एकच गट आहे. या शेवटच्या रूपात त्याला खायला धड तोंडही नसतं. जोडी जमते, मादी अंडी घालते आणि पाण्यावर पसरून मरते. ट्राउट यातल्या प्रत्येक अवस्थेत त्याला खातो. तळाशी सरपटणारा, वर चढणारा, पाण्यावर उभा असलेला आणि मरून आडवा पसरलेला, असा एकच किडा चार वेगवेगळे पदार्थ असल्यासारखा असतो. बांधणाऱ्यानं आधी ठरवायचं की आपण यातला कुठला बांधतोय.

वर चढणाऱ्या किड्यासाठी इंग्लंडच्या उत्तर भागात, मुख्यतः यॉर्कशरमध्ये, ज्या माश्या बांधल्या गेल्या त्या मला सगळ्यात आवडतात, म्हणून त्यांच्यापाशी जरा जास्त रेंगाळणार आहे. व्हार्फ, निड, युअर, स्वेल या तिथल्या नद्या पावसावर चालणाऱ्या, दगडगोट्यांतून धावणाऱ्या. असल्या पाण्यात मासा विचार करत बसत नाही. समोरून काहीतरी जिवंत वाहत गेलं की क्षणात घ्यायचं किंवा सोडायचं. म्हणून या माश्यांना पंख नाहीत, शेपूट नाही, नक्षी नाही. टी. ई. प्रिट यांनी १८८५ मध्ये त्या भागातल्या माश्यांचं पुस्तक काढलं, पण त्यातल्या बऱ्याच कृती त्याआधीपासून हातोहात चालत आलेल्या होत्या. तिकडे यांना 'स्पायडर' म्हणतात, म्हणजे कोळी. आपल्या भाषेत मासे धरणाराही कोळी आणि जाळं विणणाराही कोळी, त्यामुळे हे नाव मला फार जवळचं वाटलं.

पेल्यातली माशी याच घराण्यातली, नाव 'पार्ट्रिज अँड ऑरेंज'. तित्तिर आणि नारिंगी. नावातच पूर्ण कृती सांगून टाकण्याची यॉर्कशरची ही पद्धत आपल्या 'बटाटा-पोह्यां'सारखी. 'स्नाइप अँड पर्पल' म्हणजे जांभळं रेशीम आणि पाणलाव्याच्या पंखावरचं छोटं गडद पीस. 'वॉटरहेन ब्लोआ'मध्ये पाणकोंबडीच्या पंखाखालचं धुरकट पीस असतं आणि 'ब्लोआ' हा तिकडचा बोलीतला शब्द आहे, मुका मार लागल्यावर कातडी जशी काळीनिळी होते किंवा पावसाचं आभाळ जसं दिसतं तो रंग.

धागा रेशमाचाच का? सुती दोरा पाणी पिऊन फुगतो आणि आतलं काही दिसू देत नाही. नायलॉन मजबूत, पण ताणला जातो आणि त्याला प्लॅस्टिकची चकाकी असते. रेशीम केसाइतकं बारीक असूनही ताण सोसतं आणि ओलं झालं की अर्धपारदर्शक होतं. पिअरसल्स या इंग्लिश कंपनीचं 'गॉसमर' रेशीम पिढ्यान्‌पिढ्या यासाठी वापरलं गेलं. नारिंगीचा क्रमांक सहा-ए, आणि जुने बांधणारे रंगाचं नाव न घेता नुसता क्रमांक सांगतात. रेशमाचा एकच थर द्यायचा असतो. दुसरा थर आला की खालचा गळ झाकला जातो आणि भिजल्यावरची ती छाया नाहीशी होते.

बांधायची रीत ऐकायला सोपी आहे. गळ छोट्या शेगड्यात, म्हणजे आवळता येणाऱ्या चिमट्यात, पकडायचा. जुन्या काळी शेगडाही नव्हता, डाव्या हाताच्या चिमटीत धरून बांधत. सुरुवातीला गाठ मारायची नाही. भोवऱ्याला जाळी गुंडाळताना पहिला वेढा पुढच्या वेढ्यांखाली दाबतो, तसंच इथे धाग्याचं टोक त्याच्याच वेढ्यांखाली दाबायचं. मग वेढ्याला वेढा लावून गळाच्या टोकाच्या वरपर्यंत जायचं, तेवढंच अंग, त्यापुढे नाही. आता पीस. बुडखा जाड असतो म्हणून ते शेंड्याकडून बांधायचं, केस मागे सारायचे आणि गळाभोवती दोन वेढे घ्यायचे. दोनच. शेवटी धाग्याचा फास करून तो स्वतःच्याच टोकावर चार-पाच वेळा गुंडाळायचा आणि टोक आतून ओढून घ्यायचं. गाठ दिसत नाही आणि सुटतही नाही. या शेवटाला 'व्हिप फिनिश' म्हणतात, आणि ते हाताला बसेपर्यंत माणूस रडकुंडीला येतो.

मी हे लीड्समध्ये राहत असताना एका हिवाळ्यात संध्याकाळच्या वर्गात शिकले. माझ्या पहिल्या माशीला मी मोठ्या हौसेनं पिसाचे सहा वेढे दिले होते. शिकवणाऱ्या आजोबांनी काही न बोलता ती पाण्याच्या बरणीत टाकली. भिजलेल्या झाडूसारखा एक गोळा बरणीत लोंबत राहिला. मग त्यांनी कात्री घेऊन त्यातले अर्ध्याहून जास्त केस कापले आणि पुन्हा बरणीत टाकली. उरलेले केस हलायला लागले. नवशिक्याची माशी नेहमी जाड होते, असं ते म्हणाले, कारण सामान संपवायची घाई असते.

मऊ पीस लवकर फाटतं ही या माश्यांची खरी अडचण. माशाचे दात लागले की दांडा तुटतो आणि सगळं उलगडतं. स्कॉटलंडच्या डब्ल्यू. सी. स्टुअर्ट यांनी १८५७ मध्ये यावर उपाय छापला. पीस धाग्याबरोबर पिळून घ्यायचं आणि मग दोन्ही एकत्र गुंडाळायचं, म्हणजे धागा दांड्याचं रक्षण करतो. त्यांची काळी माशी स्टार्लिंगच्या पिसाची होती. स्टार्लिंग म्हणजे आपल्या साळुंकी आणि भोरडीचा भाऊबंद.

आता मेण. मोची ज्या काळ्या मेणातून दोरा ओढून घेतो, तसलंच डांबर आणि राळ मिसळलेलं मेण इथे लागतं. त्यामुळे धागा चिकट होतो, पाण्यानं कुजत नाही आणि वेढे सरकत नाहीत. पण त्यानं रंगही बदलतो, आणि एका प्रसिद्ध माशीचा सगळा खेळ त्यावरच आहे. डरॅमचे पाद्री विल्यम ग्रीनवेल १८५४ मध्ये ट्वीड नदीवर होते. पाण्यावर एक किडा भरपूर उतरला होता आणि मासे त्यांच्या कुठल्याच माशीकडे बघेनात. त्यांनी तो किडा पकडून स्प्राउस्टनच्या जेम्स राइट या माशी बांधणाऱ्याकडे नेला. राइट यांनी पिवळं रेशीम मोच्याच्या मेणातून ओढलं, त्याचा शेवाळी हिरवा झाला, त्यावर ब्लॅकबर्डच्या पंखाचं पीस बसवलं. 'ग्रीनवेल्स ग्लोरी' आजही विकली जाते. बाजारातल्या स्वस्त नकलांमध्ये सरळ हिरवा धागा वापरतात. तो हिरवा सगळीकडे सारखा दिसतो. मेणाचा हिरवा मात्र कुठे दाट, कुठे विरळ, आणि खालून पिवळा डोकावतो.

मेणाचं दुसरं काम म्हणजे केस चिकटवणं. याला 'डबिंग' म्हणतात आणि मराठी माणसाला ते शिकवावं लागत नाही, कारण ते म्हणजे वाती वळणं. कापसाऐवजी प्राण्याच्या केसांची चिमूट घ्यायची, मेण लावलेल्या धाग्यावर ठेवायची आणि अंगठा-तर्जनीनं एकाच दिशेनं वळायची. धाग्यावर केसांची बारीक वात तयार होते, ती गळावर गुंडाळायची. आजीबरोबर देवासाठी वाती वळल्या असतील तर जमलंच. माझं एवढं एक अंग वर्गात सगळ्यांपेक्षा बरं होतं. फरक इतकाच की ही वात खूपच विरळ हवी. 'वॉटरहेन ब्लोआ'त पिवळ्या रेशमावर केस इतके कमी असतात की धाग्यावर नुसतं धुकं बसल्यासारखं वाटतं.

केस कुणाचा, हाही त्याच्या गुणावर ठरतो. मोल हा जमिनीत बोगदे करणारा प्राणी. त्याला अरुंद बोगद्यात पुढेही जावं लागतं आणि मागेही, म्हणून त्याची लव मखमलीसारखी उभी असते, तिला उलटसुलट नाही. तिची वात अगदी सारखी वळते. सशाच्या कानावरचे आणि तोंडावरचे केस उलट, आखूड आणि खरखरीत. ते वातीतून चहूकडे बाहेर येतात आणि त्यांच्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. कात टाकणाऱ्या किड्याच्या अंगावरही अशीच हवा चमकते. टेबलावर ही माशी अगदी गबाळी दिसते, आणि मासे मात्र तिच्यावर खूश असतात.

इथवर सगळं पाण्याखालचं. इंग्लंडच्या दक्षिणेला टेस्ट, इचेनसारख्या नद्या चुनखडीतल्या झऱ्यांवर चालतात. पाणी काचेसारखं, संथ. मासा वर येणारा किडा निवांत न्याहाळून घेतो. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाण्यावर उभी राहणारी कोरडी माशी फोफावली आणि फ्रेडरिक हॅलफर्ड तिचे धर्मगुरू झाले. धर्मगुरू हा शब्द मी मुद्दाम वापरला. त्यांच्या अनुयायांना पाण्याखालची माशी म्हणजे जवळपास पाप वाटे. जी. ई. एम. स्क्यूज यांनी १९१० मध्ये याविरुद्ध पुस्तक लिहिलं, आणि हा वाद इतका टिकला की १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर रीतसर चर्चासत्र झालं.

कोरड्या माशीला उलटं सामान लागतं. मऊ पीस पाणी पितं, म्हणून इथे कोंबड्याच्या मानेचं पीस. कोंबडीच्या पिसाचे केस एकमेकांना बारीक आकड्यांनी जोडलेले असतात, त्यात पाणी शिरतं. कोंबड्याच्या मानेवरच्या पिसात हे आकडे शेंड्याकडे जवळजवळ नसतात, केस सुटे, ताठ आणि चकचकीत असतात. असं पीस गळाभोवती काटकोनात गुंडाळलं की केसांची टोकं पाण्याच्या पृष्ठभागावर टेकतात आणि पृष्ठताण माशीला तोलून धरतो. पीस पुरेसं ताठ आहे का हे बघायला जुने लोक ते ओठाला लावत. ओठाला टोचलं तर चांगलं.

अडचण रंगाची. मेफ्लायच्या पंखाचा धुरकट निळसर रंग कोंबड्यात दुर्मीळ, आणि तो टिकवता येत नाही. दोन निळसर पक्ष्यांची जोडी लावली तर साधारण निम्मी पिल्लं निळसर होतात, पाव काळी आणि पाव मळकट पांढरी. म्हणून अमेरिकेतल्या कॅट्सकिल डोंगरात हॅरी डार्बी यांच्यासारखे बांधणारे स्वतःचे कोंबडेच पाळत. ज्यांना ते परवडत नव्हतं ते भारतीय कोंबड्यांवर अवलंबून होते. आपल्या गावठी कोंबड्याची मान आकारानं लहान, त्यामुळे तिच्यावर बारीक गळाला शोभतील अशी छोटी पिसं मिळतात. या माना कातडीसकट वाळवून जात आणि 'इंडियन केप' या नावानं इंग्लंड-अमेरिकेतल्या दुकानांत स्वस्तात मिळत. पुढे खास पिसांसाठी पैदास केलेल्या अमेरिकन कोंबड्यांनी त्यांना मागे टाकलं. त्या कोंबड्यांची लांबलचक पिसं २०११ मध्ये अमेरिकेतल्या मुलींनी केसांत माळायला सुरुवात केली आणि मासेमारीच्या दुकानांतून ती रातोरात गायब झाली. भाव काहीच्या काही चढले. सलूनवाल्यांवर वैतागलेले मासेमार हे दृश्य बघायला मजा आली असेल.

अमेरिकेतली कोरडी माशी सुरू झाली ती एका पत्रातून. थिओडोर गॉर्डन यांना १८९० मध्ये हॅलफर्ड यांनी माश्यांचा एक संच पाठवला. पण कॅट्सकिलचं पाणी खळाळतं, तिथे इंग्रजी माश्या बुडत. गॉर्डन यांनी पिसं आणखी ताठ घेतली आणि बोजा कमी केला. त्यांच्या 'क्विल गॉर्डन' माशीचं अंग मोरपिसाचं आहे. मोराच्या डोळ्यातला एक तंतू घेऊन त्यावरची लव खोडरबरानं घासून काढली की खाली चपटी काडी उरते, एक कड गडद आणि एक फिकी. ती गुंडाळली की किड्याच्या पोटावरचे पट्टे आपोआप उमटतात. नाजूक फार, म्हणून वरून बारीक तार किंवा व्हार्निश.

काही सामान सांगायला जरा अवघड. डेव्हनमधल्या टिव्हर्टनचे आर. एस. ऑस्टिन यांनी एका माशीसाठी मेंढ्याच्या अंडकोशावरची लोकर वापरली. ती जन्मतः तेलकट, पाणी न धरणारी, आणि भिजल्यावर मंद गुलाबी चमकणारी. माशी इतकी चालली की कृती कित्येक वर्षं गुपित ठेवली गेली. स्क्यूज यांनी तिचं बारसं केलं 'टप्स इनडिस्पेन्सेबल'. टप म्हणजे मेंढा. नाव सभ्य घरात उच्चारता येतं आणि जाणकाराला कळतं. रॉय स्टीनरॉड यांनी १९१६ मध्ये बांधलेल्या 'हेन्ड्रिक्सन'साठी कोल्हिणीच्या पोटाखालचे, मुतानं गुलाबीसर झालेले केस लागत. तो रंग रंगवून आणायचे प्रयत्न खूप झाले.

फ्रँक सॉयर मात्र सगळं काढून टाकण्याच्या मागे होते. विल्टशरमध्ये एव्हन नदीची राखण हा त्यांचा रोजचा धंदा, त्यामुळे किडे पोहताना बघण्यात त्यांचा जन्म गेला. पोहताना किडा पाय अंगाला चिकटवून घेतो, हे त्यांच्या लक्षात आलं. मग पाय दाखवायचे कशाला? त्यांच्या माशीत फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार, एवढंच. धागा नाहीच. तार बांधण्याचं काम करते, माशीला बुडवते आणि तंतूंमधून लालसर चमकते. एका वस्तूकडून तीन कामं करून घेणारी ही माशी मला या सगळ्या धंद्यातली सर्वांत हुशार वाटते.

महाराष्ट्रात ट्राउट नाही, आपलं पाणी त्याला सोसणार नाही. काश्मीर, हिमाचल आणि निलगिरीत आहे, तो ब्रिटिशांच्या काळात बाहेरून आणलेला. पण सह्याद्रीचा या विद्येशी एक थेट धागा आहे, राखी रानकोंबडा. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणासारखे घट्ट, पिवळट पांढरे ठिपके असतात, कारण तिथे पिसाचा दांडाच पसरून चपटा होतो. विलायतेत याला 'जंगल कॉक' म्हणतात आणि व्हिक्टोरियन काळापासून सॅमन माशासाठी बांधलेल्या दिमाखदार माश्यांमध्ये ते पीस डोळा म्हणून बसवत आले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडे या पक्ष्याला संरक्षण आहे. आज ब्रिटनमध्ये विकली जाणारी ही पिसं पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यांची असतात. हे चांगलंच झालं, कारण पिसांचा हव्यास कुठवर जातो याला हद्द नाही. २००९ मध्ये इंग्लंडातल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून दुर्मीळ पक्ष्यांची २९९ कातडी चोरीला गेली ती सॅमनच्या माश्या बांधायला लागणाऱ्या पिसांसाठीच.

या ठिपक्याचा सगळ्यात शहाणा उपयोग मात्र ट्राउटच्या एका मुंगीएवढ्या माशीत झाला. पेनसिल्व्हेनियातल्या लेटॉर्ट ओढ्यावर मासे वर येऊन काहीतरी खात होते, पण पाण्यावर काहीच दिसत नव्हतं. व्हिन्सेंट मारिनारो आडवे पडून, डोळे पाण्याच्या पातळीला आणून बघत राहिले तेव्हा गवतातून पडणारे इवलेसे किडे दिसले. ते होते जॅसिड, म्हणजे तुडतुडे. कपाशीवर ज्यांच्यासाठी आपल्याकडे फवारणी होते त्यांच्याच जातकुळीतले. मारिनारो यांनी गळावर आखूड पीस गुंडाळलं, वरखालून कापून चपटं केलं आणि रानकोंबड्याचा एक ठिपका त्यावर आडवा बसवला. खालून बघणाऱ्या माशाला त्यातून उजेड येत नाही, फक्त एक घट्ट लंबगोल काळसर आकृती दिसते, अगदी पाठीवर पंख मिटून बसलेल्या तुडतुड्याची. त्या पिसाचा सुंदर पिवळट डोळा वर, आभाळाकडे असतो. माशाला तो कधीच दिसत नाही.